झोळीत मावणारा संगणक

प्रवासाला निघणारा माणूस घराचा उंबरठा ओलांडण्यापूर्वी मनाशी एक हिशेब करीत असतो. कोणती वस्तू बरोबर घ्यावी, कोणती मागे ठेवावी, आणि बरोबर घेतलेल्या वस्तूचे ओझे तिच्या उपयोगाच्या मानाने किती, असा तो हिशेब असतो. लिहिण्यावाचण्याचे काम ज्याच्यामागे लागले आहे, त्याला तर तो अधिकच काटेकोरपणे करावा लागतो. मराठ्यांच्या मोहिमा उत्तरेत आणि दक्षिणेत दूरवर जात, तेव्हा सैन्याबरोबर कारकूनही जात. छावणी पडली की पत्रे लिहावयाची, जमाखर्च मांडावयाचा, आलेल्या कागदांची उत्तरे धाडावयाची. या कारकुनाचे सारे कार्यालय एका बासनात मावत असे. बोरू, दौत, कागद आणि ते बांधण्याचा रुमाल. बोरू बोथट झाला तर चाकूने पुन्हा तासून घेता येई. शाई काजळापासून करता येई. कागद सोडला तर वाटेत अडावे असे त्यात फारसे काही नव्हते. पुण्याच्या पेशवे दफ्तरात रुमालांत बांधलेले जे असंख्य कागद आज जतन केलेले आहेत, त्यांत अशा चालत्या छावणीत लिहिलेली पत्रेही आहेत. साधन स्वस्त असावे, हलके असावे, आणि वाटेवर जे मिळते त्यावर त्याचे भागावे, ही प्रवासी कार्यालयाची तीन लक्षणे त्या कारकुनाच्या बासनातच दिसून येतात.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बोरू आणि दौतीची जागा संगणकाने घेतली, तेव्हा प्रथम ही तिन्ही लक्षणे लोपली. प्रारंभीचा संगणक एका मोठ्या दालनात मावत असे. पुढे तो टेबलावर आला. परंतु टेबल सोडून चालू लागण्यास त्याला आणखी काही वर्षे लागली. १९८१ साली अमेरिकेत ‘ऑस्बोर्न १’ नावाचे यंत्र विक्रीस आले. बरोबर नेण्याजोगा म्हणून व्यापारी प्रमाणावर खपलेला हा पहिला संगणक मानला जातो. त्याचे वजन सुमारे ११ किलो होते, किंमत १,७९५ डॉलर होती, आणि आतला पडदा अवघा पाच इंचांचा होता. शिवणयंत्राच्या पेटीसारखी त्याची पेटी उचलून नेता येई खरी. पण पोहोचल्यावर विजेचे बटण शोधावे लागे. या यंत्राचा जनक ॲडम ऑस्बोर्न याचे बालपण तामिळनाडूत, रमण महर्षींच्या तिरुवण्णामलैमध्ये गेले होते, आणि २००३ साली कोडाईकनालला त्याचा अंत झाला. सुवाह्य संगणकाच्या इतिहासाचा पहिला धागा असा नकळत दक्षिण भारताशी जुळलेला आहे.

दोनच वर्षांनी, १९८३ मध्ये, ‘मॉडेल १००’ नावाचे दुसरे एक यंत्र आले. आकाराने ते एखाद्या जाड वहीएवढे. त्याच्या पडद्यावर एका वेळी फक्त आठ ओळी दिसत. परंतु ते चार साध्या पेन्सिल सेलांवर वीस तासांच्या आसपास चालत असे, आणि टेलिफोनच्या तारेतून मजकूर पाठविण्याची सोय त्यात होती. गावोगाव हिंडणाऱ्या वार्ताहरांनी ते उचलून धरले. सेल संपले की कोणत्याही दुकानातून नवे घ्यावेत आणि बातमी पुरी करावी. बोरू तासून घेणाऱ्या कारकुनाचा मार्ग यंत्रयुगात पुन्हा सापडला तो येथे.

तथापि ही दोन्ही यंत्रे ज्यांच्यासाठी होती, ते लोक सुखवस्तू होते आणि त्यांना इंग्रजी येत होते. भारतासारख्या देशात स्वस्त कशाला म्हणावे, आणि हलके कोणाच्या खांद्याला, हे प्रश्न वेगळे होते. त्यांना प्रथम भिडण्याचे काम बेंगळुरूने केले. केम्पेगौडाने वसविलेले, काही काळ शहाजीराजांची जहागीर असलेले हे शहर. १९०९ साली येथे जमशेटजी टाटांच्या संकल्पातून भारतीय विज्ञान संस्था उभी राहिली. १९५४ साली सरकारी मालकीचा भारत इलेक्ट्रॉनिक्स हा कारखाना येथेच निघाला. विसाव्या शतकाच्या अखेरीस तर परदेशी कंपन्यांसाठी संगणकाच्या आज्ञावली लिहिणारे तरुण शहराच्या रस्त्यारस्त्यांवर दिसू लागले होते. मात्र त्यांच्या कौशल्याचा लाभ शहरापासून तासाभराच्या अंतरावरील खेड्याला कितपत होतो, या प्रश्नाचे उत्तर सुखावह नव्हते.

ऑक्टोबर १९९८ मध्ये बेंगळुरूत माहिती तंत्रज्ञान आणि विकसनशील देश या विषयावर एक आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिच्या अखेरीस ‘बेंगळुरू जाहीरनामा’ प्रसृत झाला. सामान्य माणसाला परवडेल आणि वापरता येईल असे साधन विकसनशील देशांनी स्वतःच घडवावे, हा विचार तेथे पुढे आला. अशा परिषदांतील ठराव बहुधा कागदावरच राहतात. येथे तसे झाले नाही. विज्ञान संस्थेतील विजय चंद्रू, स्वामी मनोहर, रमेश हरिहरन आणि व्ही. विनय हे चार प्राध्यापक, आणि एन्कोर सॉफ्टवेअर या बेंगळुरूच्याच कंपनीचे विनय देशपांडे व त्यांचे दोन सहकारी, असे सात जण एकत्र आले. १९९९ साली त्यांनी एक न्यास स्थापन केला. नफा मिळविणे हा त्या न्यासाचा हेतू नव्हता. यंत्राचा आराखडा तयार करावा, तो खुला ठेवावा, आणि ज्या कारखान्याला यंत्र बनवावयाचे असेल त्याला परवाना द्यावा, अशी ही योजना होती.

त्या यंत्राचे नाव ‘सिंप्युटर’. साधा, स्वस्त, बहुभाषी आणि लोकांचा, अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरून ते घडविलेले होते. तळहातावर राहील एवढे यंत्र. त्यावर ३२० बाय २४० बिंदूंचा लहानसा पडदा. कळफलक नाही, पडद्यावर टोकदार काडीने स्पर्श करावयाचा. आत चालणारी मूळ आज्ञावली लिनक्सची, म्हणजे जिच्यासाठी परवान्याचे पैसे मोजावे लागत नाहीत अशी. विजेची व्यवस्था तीन बारीक पेन्सिल सेलांवर. भारनियमनाने गांजलेल्या खेड्यातही घड्याळासाठी आणि बॅटरीसाठी सेल विकणारे दुकान असतेच, ही साधी गोष्ट आराखडा करणारांनी लक्षात ठेवली होती. टेलिफोनच्या तारेला जोडण्याची सोयही त्यात होती. किंमत सुमारे २०० डॉलर, म्हणजे त्या वेळच्या भावाने ९,००० रुपयांच्या आसपास ठेवावी असे ठरले.

परंतु ९,००० रुपये हीसुद्धा शेतमजुराच्या दृष्टीने डोंगराएवढी रक्कम होती. येथे या मंडळींनी जो विचार केला, तो या सर्व कथेतील अत्यंत महत्त्वाचा भाग होय. प्रत्येकाने यंत्र विकत घ्यावे असे त्यांनी गृहीत धरलेच नाही. यंत्र गावाचे असावे. शाळेने, पंचायतीने किंवा एखाद्या दुकानदाराने ते ठेवावे. प्रत्येक माणसाजवळ मात्र स्वतःचे एक लहानसे स्मार्ट कार्ड असावे. ते यंत्रात सरकविले की यंत्र तेवढ्यापुरते त्याचे झाले. काढून घेतले की त्याची माहिती त्याच्याबरोबर गेली. विहीर गावाची आणि घागर ज्याची त्याची, असाच हा प्रकार होता. यंत्राच्या किमतीचा भार अनेकांत वाटला जावा आणि खाजगी गोष्ट खाजगीच राहावी, असा दुहेरी लाभ त्यात साधला होता.

दुसरा विचार भाषेचा. ज्याला अक्षरओळख नाही, त्याच्या हाती यंत्र दिले तर ते त्याला मुकेच वाटणार. म्हणून सिंप्युटरने बोलावे असे ठरले. भारतीय भाषांतील लिखित मजकूर उच्चारून दाखविणारी ‘ध्वनी’ नावाची आज्ञावली रमेश हरिहरन यांनी तयार केली. ध्वनींचे छोटे छोटे तुकडे आधी मुद्रित करून ठेवावयाचे आणि मजकुराप्रमाणे ते एकमेकांना जोडावयाचे, असे तिचे तंत्र होते. आपल्या लिपी बऱ्याच अंशी उच्चाराप्रमाणे चालतात. त्यामुळे हे काम इंग्रजीच्या मानाने थोड्या सामग्रीत होऊ शकले. त्या आवाजात यांत्रिकपणा होता. परंतु न वाचता येणाऱ्या माणसाला तो कळत होता.

या यंत्राने प्रवास कशासाठी करावयाचा, हे पाहिले म्हणजे त्याचे खरे मोल ध्यानात येते. आपल्याकडील खेडुताचा प्रवास बहुतांशी हौसेचा नसतो. तो तालुक्याला जातो तो उताऱ्यासाठी, दाखल्यासाठी, कर्जाच्या हप्त्यासाठी; आणि साहेब जागेवर नसले की दुसऱ्या दिवशी पुन्हा जातो. हेलपाटा हा आपल्या भाषेतील शब्द या अनुभवातूनच इतका जिवंत राहिला आहे. कर्नाटकात याच सुमारास ‘भूमी’ नावाची योजना आकारास आली. आपल्याकडील सातबाराशी ज्याचे नाते सांगता येईल, अशा जमिनीच्या उताऱ्यांचे सुमारे २ कोटी अभिलेख संगणकावर घेण्यात आले, आणि सुमारे ६७ लाख शेतकऱ्यांना तालुक्याच्या खिडकीवर १५ रुपयांत उतारा मिळू लागला. काम मोठे होते, यात शंका नाही; तरी शेतकऱ्याला तालुक्याची वाट तुडवावीच लागे. या जमिनींच्या नोंदींच्या कामात सिंप्युटर वापरून पाहण्यात आला. यंत्र बांधावर गेले तर माणसाची एक खेप वाचते. यंत्राने प्रवास करावा, म्हणजे माणसाचा हेलपाटा चुकेल, हे सिंप्युटरमागचे सूत्र होते.

एप्रिल २००१ मध्ये सिंप्युटरचे प्राथमिक रूप बेंगळुरूत लोकांपुढे ठेवण्यात आले. जगभर त्याचा गाजावाजा झाला. त्या वर्षीचा संगणकक्षेत्रातील सर्वांत अर्थपूर्ण शोध म्हणून ब्रूस स्टर्लिंग या अमेरिकन लेखकाने न्यूयॉर्क टाइम्सच्या नियतकालिकात श्रीमंत देशांतील झगझगीत यंत्रे बाजूला सारून सिंप्युटरचे नाव घेतले. परंतु कौतुक आणि कारखाना यांत अंतर असते. परवाना घेऊन प्रत्यक्ष उत्पादनाकडे वळल्या त्या दोन कंपन्या, आणि त्या घरच्याच होत्या. एक एन्कोर, दुसरी प्राध्यापकांनी स्वतः काढलेली पिकोपेटा. पिकोपेटाचे यंत्र भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात तयार होऊन ‘अमिडा सिंप्युटर’ या नावाने एप्रिल २००४ मध्ये बाजारात आले. जाहीरनाम्यापासून तोवर साडेपाच वर्षे लोटली होती. साध्या एकरंगी पडद्याच्या यंत्राची किंमत १०,००० रुपयांच्या किंचित आत, आणि रंगीत पडद्याच्या यंत्राची २०,००० च्या जवळपास होती. यंत्र कलते केले की पान उलटावे, अशी पुढे सर्वत्र रूढ झालेली सोय त्यात होती. आपल्या हस्ताक्षरात, कोणत्याही लिपीत, पत्र लिहून धाडता येत असे.

खप मात्र काही हजारांपलीकडे गेला नाही. याचे पहिले कारण कारखानदारीच्या साध्या गणितात आहे. यंत्राचे मुख्य भाग, म्हणजे पडदा आणि आतली चिप, परदेशातून येत. ते लाखांनी घेतले तर स्वस्त, शेकड्यांनी घेतले तर महाग. किंमत उतरण्यासाठी खप वाढावयास हवा आणि खप वाढण्यासाठी किंमत उतरावयास हवी, या चक्रातून बाहेर काढणारी मोठी सरकारी मागणी आली नाही. दुसरे कारण अधिक खोल आहे. नुसते यंत्र गावात नेऊन भागत नाही. त्यावर रोजचे बाजारभाव कोणी तरी भरावे लागतात, दाखल्याला कचेरीची मान्यता लागते, टेलिफोनची तार चालू असावी लागते. यंत्र झोळीत मावले. पण त्याच्या पाठीशी जी व्यवस्था हवी होती, ती झोळीत मावणारी नव्हती. आणि तिसरी गोष्ट अशी की, दुकानात यंत्र आले तेव्हा त्याच्या पहिल्या गिऱ्हाइकांत शहरातील हौशी लोकच अधिक होते. त्यांना ते परदेशी खिसा-संगणकांच्या शेजारी ठेवून पाहता येत होते, आणि त्या तुलनेत त्याचे बोलणे किंवा त्याचे कार्ड यांना फारसे मोल नव्हते.

दरम्यान एक निराळेच यंत्र गावात पोहोचू लागले होते. १९९५ साली भारतात मोबाइल टेलिफोन आला तेव्हा तो श्रीमंतांचा अलंकार होता. एका मिनिटाच्या बोलण्याला १६ रुपयांपर्यंत मोजावे लागत. २००३ साली येणारा फोन घेण्याचे पैसे द्यावे लागेनासे झाले, आणि त्याच वर्षी ५०१ रुपये भरून फोन मिळण्याची योजना निघाली. ज्या २००४ साली अमिडा सिंप्युटर दुकानात आला, त्याच वर्षी देशातील मोबाइलची संख्या तारेच्या टेलिफोनांच्या पुढे गेली. मोबाइलला कोणी लोकांचा संगणक म्हटले नव्हते. पण तो आपली तार, म्हणजे आपले जाळे, स्वतःबरोबर घेऊन आला होता, आणि त्यावर बोलण्यास अक्षरओळख लागत नव्हती. केरळातील मच्छीमार नावेतूनच बंदरांतील भाव विचारून मग कोणत्या किनाऱ्याला लागावयाचे ते ठरवू लागले. १९९७ ते २००१ या काळातील त्यांच्या व्यवहाराचा अभ्यास पुढे रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने प्रसिद्ध केला. फोनसाठी मोजलेली रक्कम त्यांना धंद्यातून परत मिळत होती. गरीब माणूस सर्वांत कमी किमतीची वस्तू घेतो असा एक समज आहे. वस्तुतः जी वस्तू आपली किंमत लवकर फेडील, ती तो घेतो.

म्हणून सिंप्युटर वाया गेला असे म्हणणे अन्यायाचे होईल. जेथे काम ठरलेले होते आणि ते हिंडून करावयाचे होते, तेथे तो उपयोगी पडला. गोव्यात डेंपो उद्योगसमूहाने खनिज लोखंडाची खाणीपासून जहाजापर्यंतची वाहतूक नोंदण्यासाठी त्याचा वापर केला. म्हैसूरच्या संघमित्रा या संस्थेने लहान कर्जांच्या व्यवहारात तो वापरून पाहिला. २००५ साली एन्कोरने वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या साहाय्याने ‘मोबिलिस’ नावाचा प्रवासी संगणक दाखविला. त्याला सात इंचांहून थोडा मोठा पडदा होता, गुंडाळून ठेवता येणारा कळफलक होता, आणि किंमत १५,००० रुपयांच्या आसपास सांगितली गेली. त्याच वर्षी अमेरिकेतून १०० डॉलरच्या शालेय संगणकाची घोषणा झाली. २००७ मध्ये तो तयार झाला तेव्हा त्याची किंमत जवळजवळ दुप्पट झाली होती. २०११ साली आपल्या सरकारने सव्वादोन हजार रुपयांच्या आसपासचा ‘आकाश’ हा पाटीवजा संगणक पुढे आणला. तोही अपेक्षेइतका रुजला नाही. किमतीचा आकडा आधी ठरवून त्याभोवती यंत्र रचण्याचा हा मार्ग पुन्हा पुन्हा तेथेच येऊन थांबला. यंत्र किती रुपयांचे, या प्रश्नाबरोबर ते कोणाची कोणती खेप वाचवील, हा प्रश्न विचारणे अवश्य असते.

आज प्रवासाला निघणाऱ्या माणसापुढे स्वस्त आणि सुटसुटीत यंत्रांची रांग उभी आहे. कोणी खिशातल्या मोबाइललाच दुमडता येणारा कळफलक जोडतो, कोणी एक किलोच्या आतबाहेरचा लहान संगणक घेतो, कोणी जुने यंत्र अल्प दरात विकत घेऊन त्यावर लिनक्स घालतो. निवड कोणतीही असो. बेंगळुरूच्या त्या सात जणांनी स्वतःला विचारलेले प्रश्न त्याच्याही कामाचे आहेत. वाटेत वीज नसेल तर हे यंत्र कशावर चालेल? ते हरवले किंवा मोडले तर आपली माहिती त्याच्याबरोबर जाईल, की कार्डासारखी आपल्याजवळ राहील? ते आपल्या भाषेत लिहू-वाचू देते काय? ते बिघडले तर पुढच्या गावात कोणी दुरुस्त करील काय? आणि ज्या कामासाठी ते नेले, ते त्यावाचून खरोखरच अडणार होते काय? या प्रश्नांची उत्तरे ज्याला समाधानकारक मिळतील, त्याने कमी किमतीचे यंत्र निःशंक मनाने घ्यावे.

सिंप्युटर आता दुकानात मिळत नाही. परंतु माणसाची ओळख यंत्रापासून वेगळी ठेवणे, यंत्राने भारतीय भाषांतून बोलणे, स्पर्शाने आणि कलण्याने ते चालणे, या ज्या गोष्टी त्याच्या आराखड्यात होत्या, त्या सर्व आज शेतकऱ्याच्या हातातील मोबाइलमध्ये निरनिराळ्या मार्गांनी येऊन पोहोचल्या आहेत. सातबाराचा उतारा महाराष्ट्रातील शेतकरीही आज घरबसल्या पाहू शकतो. तालुक्याची प्रत्येक खेप चुकली आहे असे नाही. पण काही खेपा निश्चित चुकल्या आहेत. त्या चुकविता येतील असे मानून बेंगळुरूतील काही माणसांनी आपली बुद्धी आणि वर्षे खर्ची घातली, त्यांच्या कामाचे मोजमाप खपाच्या आकड्याबरोबर या खेपांनीही करावयास हवे.